कोहा आणि न सापडणारी सारणी

न्यूझीलंडमधील लेव्हिन गावच्या होरोफेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक प्रणाली २००० सालच्या तारखा पेलणार नाही, हे उघड झाल्यावर कटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीने १९९९ मध्ये ‘कोहा’ ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी प्रणाली तयार केली आणि जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि नावाला जागून ती मुक्तस्रोत राहिली.

कोहाची माहिती मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये सारण्यांच्या, म्हणजे ओळी-रकान्यांच्या टेबलांच्या, रूपात असते. पुस्तकांच्या आणि देवघेवीच्या सारण्या अवाढव्य वाढतात. ‘सिस्टिमप्रेफरन्सेस’ ही त्यामानाने चिमुकली, पण तारीख कशी दाखवायची इथपासूनचे सारे पर्याय तिच्यात असतात आणि डेटाबेसची आवृत्तीही तिच्याच एका ओळीत नोंदलेली असल्याने, ती सापडली नाही तर पुढचे सगळे अडते.

‘सारणी अस्तित्वात नाही’ ही डेटाबेसची ११४६ क्रमांकाची त्रुटी. तिच्या संदेशात सारणीच्या आधी, टिंबाच्या डावीकडे, डेटाबेसचे नाव असते आणि घाईत नेमके तेच वाचायचे राहते. ते नाव भलतेच असेल तर सारणी हरवलेली नसून कोहा चुकीच्या घरात शोधत असते. दुरुस्ती ‘कोहा-कॉन्फ’ या फाइलीत करावी लागते. नाव बरोबर असेल तर सारण्यांची यादी काढावी: ती रिकामी असल्यास बहुधा ब्राउझरमधून करायची स्थापना राहून गेलेली असते, अर्धवट असल्यास बॅकअप चढवताना मध्येच तुटलेला असतो. डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून नव्या यंत्रावर ठेवल्या, तर यादीत नाव दिसूनही सारणी उघडत नाही, असेही घडते. हरवलेली सारणी हाताने रिकामी तयार करणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने फक्त संदेश बदलतो.

याच त्रुटीचा एक निरुपद्रवी अवतारही आहे. २०.०५ या आवृत्तीत देवघेवीचे नियम ‘सर्क्युलेशन रूल्स’ या सारणीत एकवटून जुनी ‘इश्यूइंगरूल्स’ काढून टाकण्यात आली, त्यामुळे जुन्या सारणीवर बेतलेले अहवाल अद्ययावतीकरणानंतर अडतात. तेथे अहवालच नव्याने लिहावा लागतो.

सारणी गायब असताना पडद्यावर स्थापनेचे पान उघडले, तरी ‘पुढे’चे बटण दाबण्यापूर्वी डेटाबेसची आहे त्या अवस्थेतील प्रत काढावी. डेबियन पॅकेजातून बसवलेली कोहा रोज बॅकअप घेते खरी, पण तो त्याच यंत्रावर साठतो. दुसरीकडे हलवण्याची व्यवस्था ग्रंथालयालाच करावी लागते.