पळता दोर आणि खिशातला पास

दावोस म्हटलं की आपल्याला जानेवारीतले सामंजस्य करार आणि कोटींचे आकडे आठवतात. पण आल्प्समधल्या या गावाची आणखी एक ओळख आहे. बर्फावरून घसरत खाली आलेल्यांना पुन्हा वर ओढून नेणारी टी-बार लिफ्ट इथलीच. एक्स्चेंज सेमिस्टरसाठी झुरिकला असताना मी दोनदा तिथे जाऊन आलो. स्कीइंग बेताचंच जमलं, लिफ्ट मात्र पोटभर पाहिल्या. त्यांचाच हा फंडा.

झुरिकचे इंजिनियर अर्न्स्ट कॉन्स्टाम यांनी १९३४ च्या डिसेंबरात दावोसच्या बोल्गेन उतारावर आपली लिफ्ट सुरू केली. डोक्यावर सतत फिरणारा पोलादी दोर आणि त्याला लोंबणारे दांडे. दांडा मागे टेकवायचा आणि स्कीवर उभ्याउभ्याच वर ओढलं जायचं. (बसायला गेलात की आपटलात!) सुरुवातीला दांडा एकट्यासाठी होता, मग दोघांसाठी उलट्या 'टी'च्या आकाराचा आला. दोर तोच, माणसं दुप्पट!

खुर्ची आली १९३६ मध्ये, अमेरिकेतल्या सन व्हॅलीत. युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनियर जेम्स करन यांना जहाजावर केळीचे घड चढवणारी यंत्रणा माहीत होती. घडाच्या जागी त्यांनी खुर्ची टांगली. हे ऐकल्यापासून आमचा जळगावकर रूम पार्टनर कॉलर ताठ करून फिरतो आहे.

आता खरी अडचण पाहा. दोर थांबवता येत नाही, कारण एका माणसासाठी थांबला तर सगळेच अधांतरी लटकणार. आणि दोर जोरात पळवला तर खुर्चीत बसणार कसं? म्हणून खुर्ची दोराला कायमची जखडलेली असेल, तर वेग सेकंदाला साधारण अडीच मीटरच ठेवतात. नव्या लिफ्टमध्ये खुर्चीची पकड स्प्रिंगची असते. स्टेशनात शिरताच ती एका रुळामुळे उघडते आणि खुर्ची दोरापासून सुटते. मग फिरत्या टायरांच्या रांगेवरून ती मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. तेवढ्यात तुम्ही बसता, टायर तिला पुन्हा दोराच्या वेगाला आणतात आणि पकड मिटते. दोर मात्र सेकंदाला पाच मीटरने पळतच असतो.

म्हणजे रांग निम्मी होईल? नाही! समजा चौघांची खुर्ची दर सहा सेकंदांनी येते. तासाला ६०० खुर्च्या, २४०० माणसं. दोराचा वेग दुप्पट केला आणि सहा सेकंद तसेच ठेवले, तरी आकडा २४०० च. दीड किलोमीटरचा प्रवास मात्र दहा मिनिटांऐवजी पाच मिनिटांत होतो. आपल्या मेसमध्ये ताट घेऊन टेबलापर्यंत धावत गेलं म्हणून रांग हलत नाही. ती वाढप्याच्या पळीवर हलते. तसंच हे.

पास म्हणजे साधं प्लॅस्टिकचं कार्ड. आत चिप आणि तारेचं वेटोळं, बॅटरी नाही. फाटकातल्या अँटेनाच्या रेडिओलहरींवरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. त्यामुळे हातमोजे काढून खिसे चाचपायला नकोत. पास बहुधा फेऱ्यांचा नसून वेळेचा असतो: अर्धा दिवस, एक दिवस, आठवडा, हंगाम. इटलीतल्या दोलोमिती सुपरस्कीसारख्या ठिकाणी १९७४ पासून एकच पास चालतो आणि आज त्यावर बारा विभाग फिरता येतात. कुठल्या लिफ्टवर किती जण चढले याच्या नोंदींवरून पैशांची वाटणी होते.

वेळ विकला की लिफ्ट थांबणं महाग पडतं. वारा वाढला, सेन्सर बोलला, कुणी चढताना पडलं, की खुर्च्या हवेत थबकतात आणि लोक कुरकुरतात. ही कुरकुर बंद करायचा मोह किती जीवघेणा ठरतो, हे इटलीतच दिसलं. २३ मे २०२१ रोजी मोत्तारोने डोंगरावरच्या केबल कारचा ओढणारा दोर तुटला. अशा वेळी स्थिर दोराला आवळून धरणारा आणीबाणीचा ब्रेक तिथे होता. पण तो विनाकारण लागून सेवा अडवत होता, म्हणून लोखंडी चिमटे घालून त्याला उघडाच ठेवला होता, असं तपासात बाहेर आलं. केबिन उलटी घसरत खाली कोसळली. १५ पैकी १४ जण गेले; वाचलं ते एक लहान मूल.

ब्रेक वारंवार लागत असेल तर कारण शोधायला हवं, ब्रेकचं तोंड बंद करून चालत नाही. वर्कशॉपमध्ये सबमिशनच्या आदल्या दिवशी मशीनचा गार्ड काढून किंवा लिमिट स्विचला चिकटपट्टी लावून 'जॉब उरकून टाकू' असं कुणी म्हणालं, तर त्याला मोत्तारोनेची गोष्ट जरूर सांगा. मी तरी सांगत असतो. आणि कधी तुम्ही स्वतः आल्प्समध्ये गेलात आणि खुर्ची मधेच थांबली, तर पास वाया जातोय म्हणून वैतागू नका. कुठलातरी स्विच आपलं काम करत असतो.