मागचा डावा कोपरा आणि गुडघा

ऑर्थोपेडिक वॉर्डात नोकरी करत असताना गुडघ्याला पट्टी बांधून येणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले. बहुतेक कबड्डीचे असत. नोकरी सोडून वस्तीत काम करू लागल्यावर दारात लंगडत आलेली अकरावीतली मुलगी मात्र बॅडमिंटनची निघाली. जिल्हा पातळीच्या सामन्यात ती मागे धावली, उडी मारून शटल मारले, डाव्या पायावर उतरली आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होते. मग घरी तेल लावून मालीश झाली आणि पंधरा दिवसांनी पोरगी पुन्हा कोर्टवर उभी राहिली. त्याच आठवड्यात चालता चालता गुडघा निसटला. शेवटी एमआरआय केला तेव्हा कळले की गुडघ्याच्या आतला मुख्य बंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटला आहे.

एक्स-रेत हाड दिसते, बंध दिसत नाही. ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ ‘काही झाले नाही’ असा होत नाही, हे आधी लक्षात ठेवा. उडीवरून उतरताना आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर मालीश अजिबात करायची नाही. बर्फ, दाबपट्टी, पाय उंच ठेवणे आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवणे, एवढेच करायचे.

आज मी लिहायला बसले ते मात्र त्याच्या आधीचे. ही मुलगी वेगवान होती, तिचा स्मॅश जोरदार होता. मग नेमके काय चुकले?

बॅडमिंटन तसे आपल्याकडचेच. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी ते खेळत आणि त्याला ‘पूना’ असेच म्हणत. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलेशियात स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. पण गल्लीत दोरी बांधून खेळलेले बॅडमिंटन आणि स्पर्धेचे बॅडमिंटन यांत फार अंतर आहे. गल्लीत आपण समोरच्याच्या हातात शटल देतो, म्हणजे खेळ चालू राहतो. स्पर्धेत ते त्याच्यापासून जास्तीत जास्त लांब टाकायचे असते.

एकेरीत प्रत्येकाच्या वाट्याचे अंगण ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असते. मागच्या डाव्या कोपऱ्यापासून जाळीजवळच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरके अंतर भरते सुमारे साडेआठ मीटर. उजव्या हाताच्या खेळाडूला मागचा डावा कोपरा सर्वांत अवघड, कारण तिथे बॅकहँड लागतो आणि बहुतेकांचा तो कच्चा असतो. म्हणून शहाणा प्रतिस्पर्धी उंच शटल तिथेच पाठवतो. तुमचे उत्तर कमकुवत आले की पुढचे शटल जाळीजवळ उजवीकडे हळूच सोडतो. तुम्ही साडेआठ मीटर धावता आणि त्याला जेमतेम दोन पावले टाकावी लागतात. असे चार वेळा झाले की पाचव्या वेळी तुम्ही कोपऱ्यात उशिरा पोचता. मग शरीर डावीकडे कलंडते, हात डोक्यामागून वळवून फटका मारला जातो आणि सगळे वजन वाकड्या कोनात एकट्या डाव्या पायावर येते. गुडघा आत वळतो. आमच्या मुलीचे नेमके हेच झाले होते.

मोठ्या खेळाडूंचीही यातून सुटका नाही. स्पेनची कॅरोलिना मरीन डावखुरी, म्हणून तिच्यासाठी हा कोपरा उजवीकडे. जानेवारी २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या अंतिम सामन्यात सायना नेहवालविरुद्ध आघाडीवर असताना ती उजव्या पायावर उतरली आणि तिचा एसीएल तुटला. २०२१ मध्ये डावा गुडघा गेला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्य सामना जिंकत आलेली असताना पुन्हा उजवा.

म्हणजे डावपेच आणि दुखापत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कोपऱ्यात वेळेवर पोचणे हाच डावपेच आणि तोच गुडघ्याचा विमा.

वेळेवर पोचायचे ते पायांच्या जोरावर नाही. समोरचा शटलला रॅकेट लावतो त्या क्षणी दोन्ही पायांवर छोटीशी उसळी घ्यायची, टाचा किंचित वर आणि गुडघे सैल. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. ही उसळी चुकली की पहिले पाऊल जड पडते आणि पुढचा सगळा प्रवास उशिराचा होतो. उतरताना पायाच्या चवड्यावर, गुडघा वाकवून आणि पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरायचे. धड डावीकडे झुकू द्यायचे नाही, कंबर वळवून मागचा पाय लगेच मध्याकडे टाकायचा. आणि उशीर झालाच असेल, तर उडीच मारायची नाही. उंच आणि लांब क्लिअर मारून स्वतःला वेळ मिळवून द्यायचा. अशा वेळी स्मॅशचा मोह हा माझ्या मते मुलांचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि बाजूला उभे राहून ‘मार, मार’ ओरडणारे आपण पालक दुसरा.

रॅकेट धरण्याचेही तसेच. गल्लीत खेळलेली मुले झारा धरावा तशी रॅकेट धरतात. त्याने समोरचे शटल जाते, पण डोक्यामागचे जात नाही. हात मिळवताना धरतो तशी सैल पकड हवी, आणि जोर खांद्याने ओढून नाही, तर कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापुढचा हात फिरवून यायला हवा. बॅकहँडला अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर सरकतो. हे जमले की ड्रॉप, क्लिअर आणि स्मॅश तिन्हींची तयारी समोरच्याला सारखीच दिसते आणि तो जागीच अडखळतो. खांदाही वाचतो.

दुहेरीत वेगळे. हल्ला करताना एक पुढे, एक मागे. बचावात दोघे शेजारी शेजारी. स्मॅश दोघांच्या मधोमध मारला की ‘तुझे की माझे’ यात अर्धा क्षण जातो. इथे एकच ताकीद देते: पुढच्या खेळाडूने वळून मागे पाहायचे नाही. जोडीदाराच्याच स्मॅशने डोळा जाऊ शकतो. शटल पाच ग्रॅमचे असले, तरी सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला होता.

दमाचा हिशेबही डावपेचातच धरा. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत सिंधू आणि ओकुहारा यांचा अंतिम सामना ११० मिनिटे चालला, त्यात एक रॅली ७३ फटक्यांची झाली. आपल्या अनेक मुली रक्त कमी असताना खेळतात आणि ‘स्टॅमिना नाही’ असे ऐकून घेतात. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ११ गुणांवर ६० सेकंदांची विश्रांती मिळते. तेव्हा दोन घोट पाणी प्यायचे आणि समोरचा कोणत्या कोपऱ्यात उशिरा पोचतो आहे, ते आठवायचे.

बुटांसाठी पैसे कमी असतील तर रॅकेट स्वस्त घ्या, पण जाड टाचेचे धावायचे बूट घालून खेळू नका, घोटा मुरगळतो. सिमेंटवर रोज उड्यांचा सराव नको. चाळिशीनंतर पुन्हा रॅकेट हातात घेणाऱ्यांनी टाचेमागच्या शिरेचे दुखणे अंगावर काढू नये. ती शीर खेळताना अचानक तुटते.

आमच्या मुलीचे ऑपरेशन झाले. खेळायला निदान नऊ महिने थांबावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आता आठवा महिना चालू आहे. रोज संध्याकाळी ती पायरीवरून एका पायावर खाली उतरते, मी समोर खुर्ची टाकून गुडघा आत वळतो का ते पाहते. काल तिसापैकी चार वेळा वळला.