हात न लावता ढकललं कोणी?

मेट्रोचं कार्ड, आईची इंडक्शन शेगडी आणि लहानपणीचं स्पीकरचं चुंबक. या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. ती दिसत नाही, पण आहे!

लहानपणी फुटक्या स्पीकरमधलं चुंबक काढून मातीतून फिरवलंय कधी? फिरवलं असेल तर तो काळा कीस आठवत असेल. चुंबकावर साळिंदराच्या काट्यांसारखा उभा राहायचा. दोन चुंबकं हाती लागली तर आणखी मजा. सारखी टोकं समोरासमोर आणली की ती एकमेकांना ढकलायची. मध्ये ना दोरी, ना स्प्रिंग. नुसती हवा. तरी बोटांना धक्का जाणवायचा.

मग आपण दहावीत गेलो. 'चुंबकीय क्षेत्र' असा शब्द आला, व्याख्या पाठ झाली, उजव्या हाताचा अंगठा इकडे आणि बोटं तिकडे. मार्क पडले, विषय संपला. मीही त्यातलीच. बारावीनंतर मास मीडियाला आले आणि फिजिक्सला रामराम ठोकला. परवा मेट्रो स्टेशनवर कार्ड टेकवताना मैत्रिणीने सहज विचारलं, "अगं, यात बॅटरी कुठेय?" आणि मी गप्प. कारण बॅटरी नाहीच.

तर प्रश्न असा, की मध्ये काहीच नसताना एक वस्तू दुसरीवर जोर लावते कशी?

हा प्रश्न 'बावळट' वाटत असेल तर थांबा. तो खुद्द न्यूटनलाही छळत होता. गुरुत्वाकर्षणाचं गणित त्याने १६८७ मध्ये मांडलं, पण सूर्य इतक्या लांबून पृथ्वीला धरतो कसा, हे त्याला सांगता येईना. मध्ये काहीही नसताना रिकाम्या जागेतून जोर पोचतो ही कल्पनाच त्याला निरर्थक वाटायची. १६९३ मधल्या एका पत्रात त्याने तसं लिहूनही ठेवलंय.

उत्तराची दिशा दाखवली ती लोहाराच्या पोराने. मायकल फॅरेडे. जन्म १७९१, लंडनजवळचा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत शिकला. गणित त्याला जवळपास येत नव्हतं. म्हणून त्याने समीकरणं मांडली नाहीत, नीट बघितलं. चुंबकावर कागद ठेवला, वर लोखंडाचा कीस भुरभुरवला, हलकी टिचकी मारली. कीस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमानी करून बसला.

हे चित्र आपण सगळ्यांनी पुस्तकात पाहिलंय. फॅरेडेने मात्र त्यातून वेगळं काही वाचलं. त्याचं म्हणणं, चुंबक म्हणजे फक्त तो लोखंडी तुकडा नाही. त्याच्या भोवतीची जागाही बदललेली असते. कीस फक्त तो बदल दाखवतो. या बदललेल्या जागेला त्याने १८४५ मध्ये 'क्षेत्र' म्हटलं.

नाही कळलं? हवामानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरीत वारा इकडे, सोलापुरात तिकडे. प्रत्येक ठिकाणी एक बाण, कुठे जोराचा तर कुठे मंद. तुमच्या छतावरचं वातकुक्कुट 'वादळाचं केंद्र कुठेय' असं विचारत नाही. त्याच्या जागी वारा जसा, तसं ते वळतं. होकायंत्राच्या सुईचंही तेच. लांबचं चुंबक तिला ओढत नाही. सुई जिथे आहे तिथल्या क्षेत्राचा बाण तिला फिरवतो. म्हणजे 'लांबून' लागणारा जोर खरं तर जवळूनच लागतो!

"हे नुसते शब्दांचे खेळ," असं तेव्हाच्या गणितवाल्यांपैकी अनेकांना वाटलं. ज्याने ते मनावर घेतलं तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल तेव्हा चोवीस वर्षांचा होता. फॅरेडेच्या चित्रांना त्याने गणिताची भाषा दिली. १८६५ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने दाखवलं, की क्षेत्रातला बदल लाटेसारखा पसरतो आणि त्याचा वेग निघतो प्रकाशाइतका. सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर.

इथेच खरी गंमत आहे. समजा, नागपुरात कोणी एक प्रचंड चुंबक हलवलं आणि मुंबईत भलतीच संवेदनशील सुई ठेवली. अंतर साधारण ७०० किलोमीटर. बातमी पोचायला सेकंदाचा दोन हजारांशाहून थोडा जास्त वेळ लागेल. तेवढ्या वेळात चुंबक हललेलं आहे, पण सुईला पत्ता नाही. मग ती बातमी आहे कुठे? वाटेत. क्षेत्रात. म्हणजे क्षेत्र हा गणिताच्या सोयीचा शब्द नाही, ती खरीखुरी गोष्ट आहे. १८८७-८८ मध्ये हर्ट्झने अशा लाटा प्रयोगशाळेत तयार करून दाखवल्या. आज तुमचा फोन त्यांच्यावरच चालतो.

आपल्याकडेही या न दिसणाऱ्या गोष्टीने एक अख्खी वेधशाळा हलवलीय. मुंबईत कुलाब्याला १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेत असत. १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळही तिथल्या उपकरणांनी टिपलंय. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यामुळे नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये हे काम खाडीपलीकडे अलिबागला नेलं. ट्राम कधीच्या बंद झाल्या, अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत. पुढच्या वेळी बीचवर जाल तेव्हा आठवा.

आणि ते मेट्रोचं कार्ड? गेटवरच्या यंत्रात तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता प्रवाह गेला की भोवतीचं क्षेत्र बदलत राहतं. कार्डाच्या आतही बारीक वेटोळं असतं. क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते, हा फॅरेडेचा १८३१ चा शोध. तेवढ्या विजेवर कार्डातली चिप जागी होते, आपला नंबर सांगते, गेट उघडतं. इंडक्शन शेगडीही याच तत्त्वावर तापते. फक्त तिथे वीज पातेल्याच्या बुडात तयार होते.

मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग शाळेत असं का नाही सांगितलं?" मला वाटतं, आपणही विचारलं नाही. फॅरेडेला सूत्रं येत नव्हती, पण 'मध्ये काय आहे?' हा प्रश्न त्याने सोडला नाही. कॉमर्स असो, आर्ट्स असो, तेवढं तर आपल्यालाही जमेल ना?

करून बघा: फोनमध्ये मायक्रोटेस्ला दाखवणारं होकायंत्राचं अ‍ॅप घ्या. आकडा साधारण ४० च्या आसपास दिसेल. ते पृथ्वीचं क्षेत्र. आता फ्रिजवरचं चुंबक हळूहळू फोनजवळ आणा. ते फोनला टेकायच्या आधीच आकडा उडी मारेल.