अंगठा ठणकतोय, रिपोर्ट नॉर्मल

कर्जत-खालापूरकडे पावसाळ्यात ताटात सुकट, जवळा, बोंबील येतात. त्यात रात्रीतून पायाचा अंगठा सुजला की सकाळी युरिक ॲसिडसाठी रक्त दिलं जातं. युरिक ॲसिड हा पेशींतल्या आणि खाण्यातल्या प्युरिनचा उरलेला कचरा. बराचसा मूत्रपिंडं बाहेर टाकतात. डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे तो रक्तात नीट विरघळून राहत नाही. पायाची बोटं बाकी अंगापेक्षा थंड, म्हणून सुईसारखे स्फटिक बहुधा तिथेच धरतात; त्यांनी येणारी सांध्याची ठणकती सूज म्हणजे गाउट. गंमत अशी, की ऐन ठणक्यात आकडा नॉर्मल येऊ शकतो. दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासावं. उलट, ८ आकडा असूनही अनेकांना गाउट कधीच होत नाही. बिचाऱ्या वाल-डाळीला उगाच बदनाम करतात! आधी संशय घ्यावा तो सुकी मासळी, बिअर आणि रक्तदाबासाठी दिलेल्या काही लघवीच्या गोळ्यांवर. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.