कडबा-कुट्टीचे पाते आणि हातसाण

ज्वारीचा कडबा, मक्याची ताटे किंवा हिरवा चारा बारीक तोडून जनावरांपुढे टाकण्याची पद्धत महाराष्ट्रातील खेड्यांत चांगलीच रूढ आहे. त्यासाठी लागणारे कडबा-कुट्टी यंत्र आज अनेक ठिकाणी विजेवर चालते. तथापि हाताने फिरवावयाचे यंत्रही पुष्कळ गोठ्यांतून दिसते. शाळेतील मुले हे यंत्र रोज पाहतात आणि घरी पुष्कळदा त्याचे चाकही फिरवितात. परंतु त्याच्या पात्याची धार का जाते, ती पुन्हा कशी आणावयाची आणि ती आणताना कोणती काळजी घ्यावयाची, याचा विचार क्वचितच केला जातो. यंत्र जड चालू लागले की अधिक जोर लावावयाचा, हीच सर्वसाधारण रीत आढळते. ही रीत चुकीची तर आहेच, शिवाय धोक्याचीही आहे.

पात्याला धार लावण्यासाठी हाताने फिरविण्याचे एक लहानसे यंत्र मिळते. त्याला हातसाण म्हणता येईल. त्याची रचना व कार्य समजून घेतल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. चांगली धार केवळ दगडाच्या कठीणपणामुळे येत नाही. पात्याचा कोन स्थिर राखणे आणि पोलाद तापू न देणे या दोन गोष्टींवर ती अवलंबून असते.

पाते कसे कापते

कुट्टी यंत्राच्या मोठ्या जड चाकाच्या आऱ्यांवर बहुधा दोन वक्र पाती नटबोल्टांनी बसविलेली असतात. पन्हळीत घातलेला चारा दोन दातेरी रुळांमधून पुढे सरकतो व यंत्राच्या मुखाशी असलेल्या पोलादी पट्टीवर टेकतो. फिरते पाते या पट्टीला अगदी लगटून जाते आणि दोहोंमध्ये सापडलेले ताट तुटते. म्हणजे कापण्याचे काम एकट्या पात्याचे नसून पाते व पट्टी या जोडीचे आहे. कात्री आणि अडकित्ता यांचाही नियम हाच होय.

पात्याची एक बाजू सपाट असते व दुसऱ्या बाजूस उतार दिलेला असतो. सपाट बाजू पट्टीकडे व उतार बाहेरच्या अंगास येतो. सपाट बाजू व उतार जेथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. ही रेषा जितकी सूक्ष्म, तितका हाताचा जोर थोड्या जागेवर एकवटतो. वापराने ती रेषा गोलसर होते. गवतवर्गीय वनस्पतींच्या खोडांत व पानांत सिलिकेचा अंश स्वभावतःच असतो. त्यात मुळांना चिकटलेली माती व वाळू यांची भर पडली की झीज लवकर होते. म्हणून चारा झटकून घेणे हा धार टिकविण्याचा पहिला व बिनखर्चाचा उपाय आहे.

धार गेल्याच्या खुणा सहज ओळखता येतात. ताटे तुटण्याऐवजी वाकतात, तंतू ओढले जाऊन लोंबतात, तुकडे लहानमोठे पडतात, आणि जनावरे जाड तुकडे गव्हाणीत तसेच टाकून देतात. याहून गंभीर गोष्ट अशी की, न तुटलेला चारा मुखाशी तुंबतो. तो मोकळा करण्यासाठी चारा घालणाऱ्याचा हात नकळत रुळांच्या व पात्याच्या जवळ जातो. बोथट पाते कमी कापते म्हणून ते निर्धोक, ही समजूत चुकीची आहे. ते हाताला जवळ ओढते, म्हणूनच त्याचे भय अधिक.

हातसाणेची रचना

हातसाण बाकाच्या किंवा जाड फळीच्या कडेस पेचाने आवळून बसवितात. तिला एक हातदांडा, एक मोठे दंतचक्र, त्यात अडकलेले एक लहान दंतचक्र आणि लहान चक्राच्या आसावर बसविलेला गोल दगड असे भाग असतात. दगडासमोर पाते टेकविण्यासाठी एक टेकणी असते.

समजा, मोठ्या चक्राला ७२ व लहान चक्राला १२ दात आहेत. दांड्याचा एक फेरा झाला की दगडाचे ६ फेरे होतात. दांडा मिनिटास ६० वेळा फिरविला तर दगड ३६० वेळा फिरेल. दगडाचा व्यास १४ सेंटिमीटर असल्यास परीघ सुमारे ४४ सेंटिमीटर येतो. तेव्हा दगडाची कड मिनिटास सुमारे १५८ मीटर अंतर तोडील. दंतचक्रांच्या दोन जोड्या असल्यास गती याहून वाढते. एवढाच दगड मिनिटास सुमारे २८०० फेरे करणाऱ्या विजेच्या मोटारीवर बसविला, तर त्याची कड मिनिटास १२०० मीटरांहून अधिक धावते.

येथे साध्या यंत्रांचा मूळ नियम दिसून येतो. ज्या पटीने गती वाढते त्या पटीने जोर घटतो. म्हणून हातसाणेवर पाते फार दाबले तर दांडा जड होऊन अडतो. हा दोष नसून गुण आहे, कारण दाब जास्त झाल्याची सूचना हातालाच मिळते. विजेच्या साणेवर अशी सूचना मिळेपर्यंत पाते तापून गेलेले असते.

पाते ज्या आकाराचे, त्याला साजेशी साण, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेत ओबेड हसी याने १८३३ मध्ये व सायरस मॅकॉर्मिक याने १८३४ मध्ये कापणी यंत्राची एकस्वे घेतली. पुढे प्रचारात आलेल्या कापणी व गवत-कापणी यंत्रांत एका लांब पट्टीवर त्रिकोणी पाती ओळीने रिव्हेटांनी जडविलेली असत. दोन शेजारच्या पात्यांमध्ये खाच राहते. त्या खाचेत बरोबर बसेल असा, दोन्ही बाजूंनी उतरता दगड असलेली हातसाण तेथील शेतकरी वापरीत. दगड खाचेत उतरला की एका पात्याची उजवी व पुढच्या पात्याची डावी धार एकाच वेळी घासली जाई. कोन सांभाळण्याचे काम तेथे दगडाच्या आकारावरच सोपविलेले होते. कुट्टी यंत्राचे पाते लांब व वक्र असल्यामुळे ते काम टेकणीला व माणसाच्या हाताला करावे लागते.

दगड कोणता

भारतात धार लावण्याची विद्या फार जुनी आहे. शिकलगार व रत्ने घासणारे कारागीर कुरुंदाची पूड लाखेत मिसळून साणेची चाके तयार करीत. कुरुंद हे हिऱ्याच्या खालोखाल कठीण असे खनिज. १८१२ मध्ये फ्रीड्रिख मोज याने खनिजांच्या कठीणपणाची जी श्रेणी लावली, तीत हिऱ्याला १० व कुरुंदाला ९ हे स्थान आहे. पाश्चात्त्य भाषांतील या खनिजाचे नावही भारतीय भाषांतूनच गेलेले आहे.

१८९१ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरे तयार करण्याच्या खटपटीत होता. चिकणमाती व कोक यांचे मिश्रण विजेने तापविताना त्याला हिऱ्याऐवजी चकाकणारे कठीण स्फटिक मिळाले. तेच कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. पोलादी पात्यांसाठी मात्र ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड अधिक योग्य ठरतो. कुरुंद हेही रासायनिक दृष्ट्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच होय. कारखान्यात ते बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून तयार करतात. हे खनिज कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांतही सापडते.

दगड बसविण्यापूर्वी तो लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावा. अखंड दगड खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला तर आत तडा असण्याचा संभव असतो. असा दगड वापरू नये.

कोन आणि पाणी

नव्या पात्याला कारखान्यात जो उतार दिलेला असतो तोच कायम राखावा. कोन फार लहान केला तर धार तीक्ष्ण होते, पण पातळपणामुळे लवकर मोडते. कोन मोठा झाला तर धार टिकते, पण यंत्र जड चालते. हातसाणेवर एकच माणूस एका हाताने दांडा फिरवून दुसऱ्या हाताने पाते धरू लागला, तर दांड्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर कोन बदलतो. यास्तव एकाने दांडा फिरवावा व दुसऱ्याने दोन्ही हातांनी पाते टेकणीवर धरावे. टेकणी व दगड यांतील अंतर ३ मिलिमीटरांहून अधिक नसावे. नाहीतर पाते फटीत ओढले जाते.

कोन बरोबर आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. उतारावर शाईचा पातळ हात द्यावा व पाते एकदाच दगडावरून सरकवावे. शाई सर्वत्र सारखी पुसली गेली तर कोन जुळला. केवळ धारेजवळ पुसली गेली तर कोन मोठा होत आहे, आणि केवळ मागच्या कडेस पुसली गेली तर लहान होत आहे, असे समजावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पोलादाला लालबुंद तापवून एकदम निवविणे व पुन्हा बेताने तापविणे यालाच लोहार पाणी देणे म्हणतात. या संस्कारानेच पात्याला कठीणपणा व चिवटपणा येतो. साणेवर घासताना पात्याची कड फार तापली तर हे पाणी उतरते. पोलादाच्या पृष्ठावर प्रथम गवती पिवळा रंग दिसतो आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तो निळा होतो. निळा रंग दिसला की तेवढ्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. तेथे कितीही धार लावली तरी ती फार काळ टिकत नाही. म्हणून जवळ पाण्याचे भांडे ठेवून पाते वारंवार बुडवावे. हातसाणेची गती बेताची असल्यामुळे हा धोका मुळातच कमी असतो.

धार लावण्याचा क्रम

प्रथम यंत्राचे चाक लाकडी ठोकळ्याने किंवा साखळीने पक्के अडवावे. चाक जड असते. एक पाते काढताच त्याचा तोल बिघडतो व ते आपोआप फिरू शकते. धारेवर जाड गोणपाट गुंडाळून मगच नट सैल करावेत. पाना धारेकडे न ओढता धारेपासून दूर लोटावा, म्हणजे तो निसटला तरी हात पात्यावर आदळणार नाही.

घासावयाचे ते उताराच्या बाजूनेच. पाते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारख्या गतीने, त्याचा वक्र सांभाळून न्यावे. काही वेळाने सपाट बाजूस केसासारखी बारीक खरखरीत कड उमटते. ती सर्व लांबीभर उमटली म्हणजे घासणे पुरे झाले. सपाट बाजूवर बारीक निसणा पूर्ण टेकवून एक-दोन हात फिरविले की ती कड निघून जाते. सपाट बाजूला उतार पडू देऊ नये. तसे झाल्यास पाते पट्टीपासून दूर राहते व चारा मध्ये अडकतो.

दोन्ही पाती सारखीच घासावीत, म्हणजे चाकाचा तोल राहतो. ती परत बसविताना पट्टी व पाते यांत जेमतेम कागदाएवढी फट ठेवावी आणि नट घट्ट आवळल्यावर चाक प्रथम सावकाश फिरवून पाहावे.

काम करणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडके बांधावे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड गावी वालुकाश्माच्या साणेवर कोरडे घासकाम करणारे कारागीर सिलिकेच्या धुळीने फुफ्फुसांचा विकार जडून अकाली मरत. आजच्या कृत्रिम दगडांत तो धोका कमी असला तरी पोलादाची व दगडाची धूळ श्वासावाटे घेणे हितावह नाही.

मुलांची बोटे

कुट्टी यंत्राने बोटे तुटण्याचे प्रसंग केवळ काम चालू असतानाच घडतात असे नाही. मोकळे उभे असलेले चाक लहान मुलांना खेळण्यासारखे वाटते. एक मूल चाक फिरविते व दुसऱ्याचा हात मुखाशी असतो. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी हरियाणातील खेड्यांत शेती-अवजारांमुळे होणाऱ्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा चारा कापण्याच्या यंत्रामुळे मुलांना होणाऱ्या इजा विशेषत्वाने नजरेस आल्या. त्यावर सुचविलेले उपाय साधेच आहेत. काम संपल्यावर चाक अडवून ठेवावे आणि हात रुळांपर्यंत पोहोचू नये असा अडथळा पन्हळीवर बसवावा. नवी धार लावलेल्या पात्याच्या बाबतीत हे नियम कसोशीने पाळावयास हवेत, कारण त्याच्या केवळ स्पर्शानेही जखम होते. पालकांच्या सभेत शिक्षकांनी हा विषय अवश्य काढावा.

वर्गात घ्यावयाचे काम

पाते किंवा साण वर्गात आणण्याचे कारण नाही. पुढील पाठ कागद, कात्री व फळा एवढ्यावर होतात.

१. समभुज त्रिकोण कागदावर काढून कापावा व मधोमध दुमडून त्याचे दोन भाग करावेत. प्रत्येक भागात ३० अंशांचा एक कोन मिळतो व त्याच्या समोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते. यावरून, पात्याच्या उताराची रुंदी जाडीच्या दुप्पट असेल तर धारेचा कोन ३० अंश असतो, हे मुलांना स्वतः काढता येईल.

२. दातांची संख्या व दगडाचा व्यास देऊन फेरे, परीघ व अंतर यांची उदाहरणे घालावीत. वर दिलेले आकडे त्यासाठी उपयोगी पडतील.

३. सैल खिळीच्या व घट्ट खिळीच्या कात्रीने ओला कागद कापून दाखवावा. धार तीच असूनही सैल कात्रीत कागद का दुमडतो, याचे उत्तर मुलांकडून काढून घ्यावे.

४. गावात कोणी पात्याला धार लावीत असल्यास मुलांना ते काम पाहावयास न्यावे. जमिनीवर खडूने किंवा राखेने रेघ आखून सर्वांना तिच्या पलीकडे उभे करावे. दांडा फिरविण्याचा आग्रह कोणी धरला तरी तो मान्य करू नये. परत आल्यावर प्रत्येकाने आपल्या घरच्या यंत्राचे चाक काम संपल्यावर अडविले जाते की नाही हे पाहून दुसऱ्या दिवशी सांगावे. ज्या घरी ते अडविले जात नसेल, त्या घरी शिक्षकांनी स्वतः जाऊन सांगणे इष्ट.