सांडपाण्याच्या गाळाचं खत : जंतू मरतात कसे?

थेरगावात आपल्या घरातलं संडास-बाथरूमचं पाणी ड्रेनेजमधून मैलाशुद्धीकरण केंद्रात जातं. चिंचवड, कासारवाडी, आकुर्डी, रावेत इथे अशी केंद्रं आहेत. तिथे पाणी वेगळं होतं आणि खाली काळा गाळ उरतो. त्यात नत्र, स्फुरद असतं, म्हणून तो खत म्हणून शेताला चालतो. पण त्यातच कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू आणि जंतांची अंडीही असू शकतात. जंतांची अंडी सर्वात चिवट, ती मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

मग हा गाळ सुरक्षित कसा करायचा?

एक, वाळवणं. वाळूच्या वाफ्यांवर निदान तीन महिने. जंतू कमी होतात, संपत नाहीत.

दोन, बंद टाकीत हवेशिवाय कुजवणं. 35 अंशांना साधारण पंधरा दिवस लागतात. गॅस मिळतो, पण अंडी बरीच टिकतात.

तीन, चुना. सामू 12 पर्यंत नेऊन दोन तास ठेवला की बॅक्टेरिया मरतात. अंड्यांवर मात्र याचा भरवसा नाही.

चार, उष्णता. ढिगाचं कंपोस्ट 55 अंशांवर पंधरा दिवस ठेवून पाच वेळा उलटवावं लागतं, कारण ढिगाची बाहेरची बाजू थंड राहते. किंवा गाळ 70 अंशांवर अर्धा तास ठेवायचा. यात अंडीही मरतात.

पाच, गॅमा किरणं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर अहमदाबादेत 2019 पासून रोज 100 टन सुका गाळ हाताळणारा प्रकल्प आहे. कोबाल्ट-60 ची किरणं जंतू मारतात. त्यामुळे गाळ किरणोत्सारी होत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. यातल्या कुठल्याही पद्धतीनं शिसं, क्रोमियमसारखे जड धातू जात नाहीत. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात कारखान्याचं पाणी ड्रेनेजमध्ये मिसळलं, तर हा धोका राहतोच. तो फक्त तपासणीतच कळतो.

म्हणून गच्चीवरच्या कुंड्यांसाठी स्वस्तात "सुका गाळ" मिळाला, तर दोन प्रश्न जरूर विचारा: तो कशानं निर्जंतुक केला? धातूंची तपासणी झाली का? वास नाही, दिसायला कोरडा आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. उत्तर मिळालं नाही तर चटणीचा पुदिना, कोथिंबीर, मुळा असं कच्चं खाल्लं जाणारं त्यात लावू नका. मुलांना अशा मातीत खेळू देऊ नका, आणि हाताळल्यावर साबणानं हात धुवा.