पेन्शनच्या पोटी जन्मलेले क्रेडिट

अमेरिकेत दर मे-जूनमध्ये एक उलटा प्रकार घडतो. काही मुलांना आधी कॉलेजची पदवी मिळते आणि मग काही दिवसांनी हायस्कूल पास झाल्याचे प्रमाणपत्र. वय जेमतेम अठरा. ही पदवी दोन वर्षांची असते, तिला तिथे असोसिएट डिग्री म्हणतात आणि तिची किंमत 60 क्रेडिट. चार वर्षांच्या पूर्ण पदवीला साधारण 120 लागतात. म्हणजे आपल्याकडे बारावीचा निकाल लागायच्या आत बी.ए.चा अर्धा अभ्यास उरकून मोकळे व्हावे, तसे हे झाले.

मूल हुशार असेल, ते सोडा. खरा चमत्कार वेगळाच आहे. एका इमारतीत शिकलेली गोष्ट दुसऱ्या इमारतीतल्या, कदाचित दोन हजार मैलांवरच्या माणसांनी मान्य कशी केली? शिकणे मोजता येते, साठवता येते आणि दुसरीकडे वटवता येते, हे ठरवले कोणी?

ठरवले पेन्शनने!

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी 1890 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त झाले आणि प्राध्यापकांचे पगार पाहून चकित झाले. त्यांच्या कंपनीतले काही कारकूनही त्यापेक्षा जास्त कमवत होते. 1905 मध्ये त्यांनी म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पण पेन्शन द्यायची कोणाला? त्या काळी अमेरिकेत कॉलेज म्हणजे काय आणि हायस्कूल म्हणजे काय, याचा पुरता घोळ होता. काही कॉलेजांत शाळकरी धडे चालत, काही हायस्कुलांत कॉलेजच्या तोडीचा अभ्यास होई. म्हणून या पैशांवर उभ्या राहिलेल्या कार्नेगी फाउंडेशनने अट घातली: जी संस्था प्रवेशासाठी हायस्कूलचे किमान 14 ‘युनिट’ मागेल, तीच कॉलेज. आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे 120 तास.

फुकट पेन्शन कोण सोडणार? कॉलेजांनी अट मान्य केली. कॉलेजांत शिरायचे तर युनिट हवीत, म्हणून हायस्कुलांनीही आपले वेळापत्रक त्या मापात बसवले. पुढे हीच तासमोजणी कॉलेजांच्या आतही पक्की झाली: सेमिस्टरभर आठवड्याला एक तास वर्ग म्हणजे एक क्रेडिट. मुलाला काय समजले, हे या मापट्यात कुठेच नव्हते. तो किती तास बाकावर बसला, एवढेच होते. मला यातली विसंगती फार आवडते. जगातली एवढी मोठी शिक्षणव्यवस्था ज्या एककावर उभी आहे, ते एकक पेन्शनच्या हिशेबातून आले.

पण तास मोजता येऊ लागला आणि एक अनपेक्षित दार उघडले. कॉलेजचा अभ्यास म्हणजे अमुक इतके तास असतील, तर ते हायस्कूलच्या वर्गात का भरू नयेत?

ही कल्पना सुरुवातीला श्रीमंतांच्या अंगणात रुजली. 1950 नंतर अँडोव्हर, एक्सेटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन नामांकित खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे एकत्र बसली. त्यांना दिसले, की या शाळांची मुले कॉलेजच्या पहिल्या वर्षी शाळेतलाच अभ्यास पुन्हा करतात. मग शाळेतच कॉलेजच्या पातळीची परीक्षा का घेऊ नये? 1955 मध्ये कॉलेज बोर्ड या संस्थेने ही जबाबदारी घेतली आणि ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे ‘एपी’ जन्माला आली. पहिल्या वर्षी बसलेली मुले हजार-बाराशेच्या घरात होती. आज दर मे महिन्यात जवळजवळ 30 लाख मुले ही परीक्षा देतात. विषय चाळीसच्या आसपास, गुण एक ते पाच. न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरांत ‘यंदा एपी किती?’ हा प्रश्न आपल्याकडच्या ‘क्लास कुठला लावला?’ इतकाच नेमाने विचारला जातो.

तपासणीची पद्धत तर पाहण्यासारखी. जूनमध्ये देशभरातले हजारो हायस्कूल शिक्षक आणि कॉलेजचे प्राध्यापक पेपर तपासायला जमतात. वर्षानुवर्षे त्यासाठी मोठमोठी कन्व्हेन्शन सेंटर्स लागत, आता बरेच जण घरूनही तपासतात. कॅल्क्युलसच्या पेपरातला एखादा प्रश्न घेतला, की त्या परीक्षकाने दिवसचे दिवस तोच एक प्रश्न तपासायचा. नऊ गुणांपैकी कुठल्या पायरीला किती, हे आधी ठरलेले. मुलाचे नाव दिसत नाही, शाळा दिसत नाही. लेकराने वर्षभर घाम गाळून लिहिलेले उत्तर असे अनोळखी डोळ्यांखालून जाते, आणि त्याच अनोळखीपणामुळे दूरचे विद्यापीठ त्यावर भरवसा ठेवते.

हा भरवसा केव्हा डळमळतो, हे 1982 मध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात दिसले. गारफील्ड हायस्कूल गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या मुलांचे. बोलिव्हियातून आलेले हायमे एस्कालान्ते तिथे गणित शिकवत. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर, सुट्टीतही. त्या वर्षी त्यांची 18 मुले एपी कॅल्क्युलसला बसली आणि अठराच्या अठरा पास झाली. पण काही उत्तरांतल्या चुका सारख्या दिसल्या म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेला कॉपीचा संशय आला आणि 14 मुलांना पुन्हा बसायला सांगण्यात आले. बारा जण बसले. अभ्यास मागे पडून तीन महिने झाले होते, तयारीला मोजके दिवस. बाराही पास. यावर 1988 मध्ये ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट आला. नामांकित शाळेतल्या मुलांच्या चुका सारख्या निघाल्या असत्या, तर संशय एवढ्या चटकन आला असता का, हा प्रश्न मला त्या चित्रपटापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

एपीत मूल शाळेतच राहते आणि परीक्षा बाहेरून येते. दुसऱ्या वाटेवर मूलच कॉलेजात जाते, किंवा कॉलेजचा अभ्यासक्रम शाळेत येतो. याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. मिनेसोटा राज्याने 1985 मध्ये कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजचे वर्ग खुले केले. वॉशिंग्टन राज्याने 1990 मध्ये ‘रनिंग स्टार्ट’ आणले. आज देशभरात 25 लाखांहून जास्त हायस्कूल विद्यार्थी या वाटेवर आहेत आणि दोन वर्षांची पदवी देणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांतला दर पाचवा विद्यार्थी मुळात हायस्कूलचा आहे. इथे एका दिवसाच्या परीक्षेवर सारे अवलंबून नाही. सेमिस्टरभराच्या कामाचा ग्रेड मिळतो. मात्र तो कायमचा चिकटतो. सोळाव्या वर्षी मिळालेला ‘डी’ कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर राहतो आणि पुढे आर्थिक मदत ठरवतानाही मोजला जाऊ शकतो. उत्साही पालक हे सहसा विसरतात.

पण मला सर्वांत थक्क केले ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका शाळेने. 1974 मध्ये लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात ‘मिडल कॉलेज हायस्कूल’ सुरू झाले. कल्पना जॅनेट लीबरमन या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेची. त्यांनी वर्गातली पहिली पाच मुले निवडली नाहीत; शाळा सोडण्याच्या बेतात असलेली निवडली. त्यांचे म्हणणे असे, की या मुलांना कॉलेजच्या वातावरणात आणून ठेवा, मोठ्यांसारखे वागवा, ती टिकतील. इथूनच पुढे हायस्कूलबरोबरच कॉलेजचे क्रेडिट देणाऱ्या ‘अर्ली कॉलेज’ शाळांची चळवळ आली. अशा शाळांत अर्ज जागांपेक्षा जास्त आले की प्रवेश लॉटरीने होतात. त्यामुळे चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना संशोधकांना करता आली. चिठ्ठी लागलेली मुले कॉलेजची पदवी मिळवण्यात स्पष्ट पुढे निघाली. म्हणजे श्रेय निवडीचे नसून शाळेचे होते.

सगळी दारे मात्र उघडत नाहीत. क्रेडिट मिळवणे मुलाच्या हातात, ते वटवणे विद्यापीठाच्या मर्जीवर. एखाद्या सरकारी विद्यापीठात एपीतले तीन गुण चालतात, दुसरीकडे पाचच लागतात. कॅलटेक एपीचे क्रेडिट देतच नाही. डार्टमथने 2014 पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी ते बंद केले. तिथे एपीने वरच्या वर्गात बसता येते, पण पदवीचे तास कमी होत नाहीत. आणि ज्या कार्नेगी फाउंडेशनने तासाचे माप आणले, तिनेच 2023 मध्ये जाहीर केले की हे माप आता कालबाह्य झाले आहे आणि कौशल्य मोजण्याच्या नव्या पद्धती शोधायला हव्यात.

आपल्याकडे काय? महाराष्ट्रात अकरावी-बारावीला तर नावच ज्युनिअर कॉलेज. अनेक ठिकाणी ते वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरते. मुले त्याच फाटकातून आत जातात, त्याच कँटीनमध्ये वडापाव खातात, पण वरच्या मजल्यावरचा पदवीचा एखादा विषय घेऊन त्याचे क्रेडिट साठवणे त्यांच्या रोजच्या व्यवहारात नाही. वास्तविक 2021 मध्ये क्रेडिट खात्यावर साठवणाऱ्या ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम आले, 2023 मध्ये शाळेपासून पीएचडीपर्यंत एकच राष्ट्रीय क्रेडिट चौकट आली. तिच्यात वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट, असा हिशेब शाळेलाही लावलेला आहे. कागद तयार आहे, इमारतही एकच आहे. तुमचे मूल यंदा अकरावीत असेल, तर प्राचार्यांना भेटून एवढेच विचारा: वरच्या मजल्यावरचा एक विषय त्याला घेता येईल का, आणि त्याचे क्रेडिट त्याच्या खात्यावर कधी जमा होईल?